धातू धरून ठेवणारे जिवाणू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिव जिल्ह्यातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सोयाबीनच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, की जमिनीत लोहच उरले नाही असे सर्रास मानले जाते. वस्तुतः लोह तेथे भरपूर असते; मात्र ते फेरिक, म्हणजे पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या स्वरूपात असते, आणि सामू एका अंकाने वाढला की विरघळलेल्या फेरिक आयनांचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते, त्यामुळे मातीत टाकलेले हिराकसही लवकरच निरुपयोगी होते. अशा वेळी धातूच्या आयनाला अनेक बाजूंनी धरून विरघळलेला ठेवणारा पदार्थ, म्हणजे चिलेटकारक, लागतो.

अनेक जिवाणू असे पदार्थ स्वतःच तयार करतात. लोह धरणाऱ्या पदार्थांना सिडेरोफोर म्हणतात. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील चिंचोलकर यांनी अजित वर्मा यांच्यासह २००७ मध्ये या विषयावर ग्रंथ संपादित केला. कृषी सेवा केंद्रात मिळणारे, सिडेरोफोर बनवणारे स्यूडोमोनास जिवाणू जनुक बदललेले असतात, ही समजूतही चुकीची आहे, कारण ते निसर्गातून वेगळे केलेले वाण असतात, तर जनुक बदललेले जिवाणू शेतात सोडण्यास पर्यावरण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार परवानगी लागते.

जनुकीय बदल म्हणजे परके जनुक घुसवणे, हा समज अधिक चिवट आहे. अ‍ॅमायकोलॅटॉप्सिस जॅपोनिकम हा जिवाणू जस्त मिळवण्यासाठी ईडीडीएस हे चिलेटकारक बनवतो, पण भोवती जस्त पुरेसे असल्यास ‘झुर’ नावाचे नियामक प्रथिन ते उत्पादन थांबवते. जर्मनीतील ट्यूबिंगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झुरचे जनुक काढून टाकले आणि जस्त असतानाही उत्पादन चालू राहिले. येथे नवे काही घातले नाही, फक्त अडसर काढला. शिवाय काम बंदिस्त पात्रात चालत असल्याने जिवाणू नव्हे, त्याने बनवलेला पदार्थच वापरात यावयाचा असतो.

ईडीडीएसचे मोल त्याच्या विघटनशीलतेत आहे, कारण डिटर्जंट आणि कागद उद्योगांत वापरले जाणारे कृत्रिम ईडीटीए निसर्गात फार सावकाश कुजते. मात्र नैसर्गिक म्हणून ईडीडीएस चुनखडीच्या शेतालाही मानवेल, हे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरते. तेथील सूक्ष्मजीव ते लवकर पचवतात आणि कॅल्शियमही त्याच्याशी जोडले जाण्यास टपलेले असते, म्हणून उच्च सामूच्या जमिनीत लोहासाठी आजही ईडीडीएचए हे कृत्रिम चिलेटच अधिक टिकाऊ ठरते.