हंडा चोरला तर शिक्षा कोणती?

समजा, आठवड्याच्या बाजारात एकाने पितळेचा हंडा उचलला. हंड्याची किंमत तीन हजार रुपये. माणूस सापडला. घरी बायको, दोन पोरं. मिळवता तो एकटाच. चोरी पहिल्यांदाच केलेली. त्याला शिक्षा काय द्यावी?

जुना कायदा इंग्रजांच्या वेळचा, १८६० सालचा. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हंडा चोरा नाहीतर दहा हंडे, कलम एकच. चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याची सोय पुढे १८९८ साली झाली, पण सोडायचं की नाही ते मॅजिस्ट्रेटच्या हाती. ते नाही म्हणाले, दंडालाही पैसा नाही, की तुरुंग. तिथं सराईत चोरांची संगत, आणि इकडे चूल थंड.

लोकांच्या उपयोगाचं काम करवून घ्यावं, हीच शिक्षा समजावी, असं एक विधेयक १९७८ साली राज्यसभेने मंजूर केलं होतं. पण १९७९ साली लोकसभाच बरखास्त झाली. विधेयक बुडालं. मग पंचेचाळीस वर्षं थांबावं लागलं!

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ही शिक्षा आली. तिला 'सामुदायिक सेवा' म्हणतात. काम कोर्ट ठरवून देतं. मजुरी मिळत नाही. चोरीच्या बाबतीत अटी अशा: माल पाच हजारांच्या आतला हवा, गुन्हा पहिल्यांदाच शाबीत झालेला हवा, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली हवी. एवढं जमलं की कैद नाही. मात्र पुन्हा चोरी शाबीत झाली तर निदान एक वर्ष सक्तमजुरी चुकत नाही. काम किती दिवस, किती तास, हे संहितेत लिहिलेलं नाही. ते लिहायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

बरं, जिचा हंडा गेला त्या बाईचं काय? एवढी लहान चोरी आता 'अदखलपात्र' धरली आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. ते वहीत नोंद करतात आणि कोर्टाकडे जायला सांगतात. मोलमजुरी करणाऱ्या बाईला तीन हजार काय थोडे? कोर्टाची फेरी म्हणजे एक दिवसाचा रोजही बुडाला. ही गोष्ट आम्हाला खटकते. अशा वेळी पोलिस ठाण्यातून रिकाम्या हाताने परतू नये. नोंदीचा नंबर आणि तारीख कागदावर लिहून मागावी, ती तिथंच वाचून पाहावी, आणि तो कागद घेऊन मॅजिस्ट्रेटकडे जावं.