पोवळ्याचे पाणी

परतूरच्या बाजारात ‘पोवळे’ म्हटले, की सराफाकडची मंगळाची अंगठी किंवा वैद्याची प्रवाळपिष्टी आठवते. दोन्हींचा गाभा एकच : कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचे भावंड. हा सांगाडा बांधणारे प्रवाळ मात्र प्राणी आहे. खडक रचणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात साखर तयार करते आणि यजमानाला पोसते. सांगाड्याचा सारा माल प्रवाळ भोवतालच्या पाण्यातून उचलते. म्हणून काचपेटीत प्रवाळ पाळायचे म्हणजे मुख्यतः पाणी पाळायचे.

माझ्या घरी शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची पेटी आहे. समुद्र इथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर, त्यामुळे तो घरीच कालवावा लागतो. पेटी पाहायला येणारे हमखास विचारतात, “आपले बोअरचे पाणी जडच आहे, हंड्याला पांढरा थर धरतो, मग प्रवाळाला ते फुकटचे खाद्य नाही का?” नाही. त्या पाण्यात कॅल्शियमबरोबर काळ्या खडकातली सिलिका असते, शेतातल्या खतांचे नायट्रेट झिरपलेले असू शकते, आणि पंपाच्या किंवा नळाच्या पितळी भागांतून तांबेही उतरू शकते. मासा थोडे तांबे सोसतो. प्रवाळ, शंख, कोळंबी यांना ते विष ठरते. घरच्या आरओचे पाणीही पुरे पडत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार मुद्दाम राखलेले असतात. पाणी आरओनंतर डीआय रेझिनमधूनही काढावे आणि टीडीएस मीटरवर शून्य आले की मगच त्यात सागरी मीठ विरघळवावे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेटही असतात. प्रमाण लिटरला सुमारे 35 ग्रॅम.

पाणी खारट झाले म्हणजे जिवंत झाले असे नव्हे. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. शेतात टाकलेल्या युरियाचे मातीत पुढे जे होते, तेच इथे होते. हे जिवाणू दगडांवर व वाळूत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकेपर्यंत पेटीत मासाही सोडू नये. प्रवाळ तर आणखी काही महिन्यांनी.

प्रवाळासाठी तीन आकडे एकत्र वाचावे लागतात : कॅल्शियम लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1250 ते 1350, आणि क्षारता 8 ते 9 डीकेएच. कॅल्शियम व क्षारता दोन्ही भरमसाट वाढवली, तर ती एकमेकांना धरून हीटरवर पांढरी साचतात. मॅग्नेशियम त्यांना लवकर जुळू देत नाही. प्रवाळ वाढते तेव्हा ही दोन्ही ठरावीक प्रमाणात खर्च होतात. क्षारता 2.8 डीकेएचने उतरली, तर कॅल्शियम सुमारे 20 मिलिग्रॅमने उतरते. त्यामुळे एकट्या क्षारतेच्या नियमित चाचणीवरूनही खर्चाचा अंदाज येतो.

आकडा आदर्श असण्यापेक्षा तो स्थिर असणे महत्त्वाचे, आणि मराठवाड्याचा उन्हाळा इथेच परीक्षा पाहतो. पाणी उडते, मीठ मागे राहते. शंभर लिटरमध्ये साडेतीन किलो मीठ असेल आणि पाच लिटर पाणी उडाले, तर लिटरमागे 35 ग्रॅमचे जवळपास 37 होतात. ही भर खाऱ्या पाण्याने नव्हे, शुद्ध गोड पाण्याने, रोज थोडी थोडी घालायची. तापमान 24 ते 27 अंशांत राखायचे. वीज गेली तर पाणी खेळते ठेवणारा पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे, कारण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो.

नेहमीच्यापेक्षा एक-दोन अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकते. मग पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. त्याच वर्षी लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. पेटीत पंखा किंवा चिलर लावता येतो. समुद्राला तशी सोय नाही.

एवढी तयारी झाल्यावर प्रश्न उरतो तो प्रवाळ आणायचे कोठून. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 पासून खडक रचणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या वाटेत हाजी अली व वरळीच्या खडकांवर प्रवाळाच्या 18 वसाहती आल्या, तेव्हा त्या हलवायला महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. 2020 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी ते काम केले. तळहाताएवढ्या वसाहतींसाठी एवढी दक्षता घेतली जाते, आणि दुकानात मात्र कुणी ‘इंपोर्टेड फ्रॅग’ म्हणून समुद्रातून तोडलेला तुकडा बिनकागदी विकू शकतो. विकत घेणाऱ्याने नेमकी जात आणि आयातीचे कागद मागावेत. ते मिळाले नाहीत, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

माझ्या पेटीत आज सिरॅमिकचे दगड आहेत आणि क्लाऊनफिशची एक जोडी. हे मासे कृत्रिम प्रजननाने वाढवता येतात. ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रात ते काम चालते. प्रवाळ मी ठेवलेले नाही. चाचण्या मात्र प्रवाळ असल्यासारख्याच करतो, कारण माशांनाही स्थिर पाणीच मानवते. ज्यांना जिवंत प्रवाळ पाहायचेच आहे, त्यांनी ओहोटीची वेळ पाहून जाणकाराबरोबर हाजी अलीच्या खडकांवर जावे, किंवा 1987 पासून सागरी अभयारण्य असलेल्या मालवणला. पाहावे, पाय ठेवू नये, तुकडा उचलू नये.