नीरेच्या खोऱ्यात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : पहिले प्रवाळ निवडताना

प्रवाळ ही वनस्पती नसून प्राणी आहे, आणि त्याचा एक गुच्छ म्हणजे पॉलिप नावाच्या, तोंडाभोवती शुंडके असलेल्या लहान जीवांची वसाहत असते. भारतात यांपैकी कोणते प्रवाळ घरी ठेवता येतील, हे हौशी माणसाच्या आवडीआधी कायद्याने ठरवून टाकले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आणि माळढोक ज्या यादीत आहेत त्याच यादीत, २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. कठीण प्रवाळ म्हणजे चुन्याचा सांगाडा रचून समुद्रात भित्ती उभारणारे प्रकार. त्यांचा वाळलेला तुकडा बाळगणेही या कायद्याच्या कक्षेत येते, त्यामुळे सजावटीसाठी मिळणारे पांढरे समुद्री दगड टाळून भाजलेल्या मातीचे सच्छिद्र कृत्रिम खडक वापरणे श्रेयस्कर ठरते. हे संरक्षण केवळ कागदावरचे नाही : मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअली येथील १८ प्रवाळ-वसाहती २०२० साली वनखात्याच्या परवानगीनेच उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. परदेशातून येणारे कठीण प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीत मोडतात आणि अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केली आहे. नवशिक्याच्या वाट्याला त्यामुळे मऊ अंगाचे प्रवाळ उरतात, आणि सुदैवाने सांभाळायला सर्वांत सोपे तेच आहेत.

सोमेश्वरनगरसारख्या गावात मात्र प्रवाळाच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो. नीरा डाव्या कालव्याने या पट्ट्याला ऊस आणि साखर कारखाना दिला, तशाच क्षारपड जमिनीही दिल्या. परंतु बोअरच्या पाण्यातील क्षार आणि समुद्रातील क्षार यांचे प्रमाण व घटक सर्वस्वी वेगळे असल्यामुळे ‘पाणी मुळातच खारट आहे’ ही सबब येथे उपयोगी पडत नाही. उसाला घातलेल्या युरियाचा अंश नायट्रेटच्या रूपाने विहिरी-बोअरमध्ये झिरपतो, आणि असे पाणी टाकीत गेले की काचेवर आणि खडकांवर शेवाळ माजते. म्हणून पाणी आरओ यंत्रातून आणि त्यानंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या नळीतून काढून, टीडीएस मीटरवर शून्याच्या आसपास आणून, मग त्यात मत्स्यालयासाठीचे तयार समुद्री मीठ मिसळावे लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर आवश्यक घटक जवळजवळ नसतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या हिशेबाने १०० लिटरला साडेतीन किलोच्या वर मीठ लागते आणि रिफ्रॅक्टोमीटरवर सापेक्ष घनता १.०२५ च्या जवळ दिसली पाहिजे.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते, तर बारामतीकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला जातो. पाणी फार तापले की प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच घडले. दख्खनच्या कोरड्या हवेचा येथे एक अनपेक्षित फायदा होतो : पाण्याच्या पृष्ठभागावर साधा लहान पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने टाकी दोन-तीन अंशांनी थंड होते, जे मुंबईच्या दमट हवेत तितके साधत नाही. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून रोजची भर नेहमी शुद्ध गोड्या पाण्याची घालावी. आठवड्याला बदललेले दहा लिटर पाणी परसबागेत किंवा उसाच्या पाटात ओतू नये; त्यात सुमारे साडेतीनशे ग्रॅम मीठ असते, आणि क्षारपडीचा अनुभव असलेल्या गावाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. वीज गेल्यावर पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर चालला पाहिजे, कारण स्थिर पाण्यातील प्राणवायू काही तासांत घटतो.

टाकी फार लहान घेऊ नये, कारण थोड्या पाण्यात तापमान आणि क्षारता झपाट्याने बदलतात. सुमारे १२० लिटरची, म्हणजे ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व खोल अशी टाकी सुरुवातीला पुरेशी असते. खडक टाकल्यावर अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर प्रवाळ आणण्याची घाई करू नये.

पहिला मान मश्रूम प्रवाळाचा, विशेषतः डिस्कोसोमा या प्रजातीचा. चपट्या अळंबीसारख्या या जीवाला सांगाडा नसतो, मंद प्रकाश आणि संथ प्रवाह त्याला पुरतो, थोडे नायट्रेट त्याला बाधत नाही, आणि तळाचा तुकडा मागे ठेवत सरकल्यामुळे त्याची संख्या आपोआप वाढते. त्याच्या पाठोपाठ लेदर प्रवाळ, म्हणजे सार्कोफायटॉन. चामड्यासारख्या पृष्ठभागाचा हा प्रवाळ अधूनमधून सर्व पॉलिप मिटून घेतो, अंगावर मेणचट पापुद्रा आणतो आणि काही दिवसांनी तो टाकून पुन्हा फुलतो. नवशिके या काळात तो मेला समजून काढून फेकतात, जे टाळावे. तो पाण्यात शेजाऱ्यांना त्रासदायक रसायने सोडत असल्याने फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवणे इष्ट. झेनिया हा हाताच्या मुठीसारखे पॉलिप उघडझाप करणारा मोहक प्रकार आहे, पण रुजला की तणासारखा पसरतो, म्हणून तो मुख्य खडकापासून दूर ठेवलेल्या वेगळ्या दगडावरच लावावा.

ग्रीन स्टार पॉलिप जगभर सोपा प्रकार म्हणून विकला जातो. तथापि जुन्या वर्गीकरणात तो समुद्रपंख्यांच्या गटात धरला जात असे, त्यामुळे भारतात त्याच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

झोअँथिड गटाचे, ज्यांना हौशी मंडळी ‘झोआ’ म्हणतात, रंगीबेरंगी प्रवाळ सोपे असले तरी त्यांच्याबाबत विशेष सावधगिरी हवी. त्यांच्यापैकी पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, जे १९७१ साली हवाई बेटांवरील एका जातीतून वेगळे करण्यात आले. कापताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि ते चिकटलेला दगड कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याने घासू नये, कारण वाफेवाटे विष श्वासात जाते. लहान मुलांच्या घरात झोआ पहिल्या वर्षी आणूच नयेत.

खरेदी करताना समुद्रातून उपटलेल्या वसाहतीऐवजी टाकीतच वाढवलेला छोटा तुकडा मागावा, आयातीची कागदपत्रे पाहावीत, शास्त्रीय नाव लिहिलेले बिल घेऊन जपून ठेवावे, आणि ‘बिल नाही, पण माल चांगला आहे’ असे सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. माशांसाठीचे तांबेयुक्त औषध प्रवाळांच्या टाकीत घालू नये, कारण ते प्रवाळांना मारक असते. पहिल्या वर्षाला दोन-तीन मश्रूम आणि एक लेदर पुरे आहेत. कठीण प्रवाळ पाहण्याची ज्यांना ओढ असेल त्यांनी मालवणला जावे. तेथील १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, पावसाळा सोडून ते पाण्याखाली पाहता येतात.