मान्यता म्हणजे नंबर नव्हे

"मॅडम, कॉलेज सीईपीएच अ‍ॅक्रेडिटेड आहे, म्हणजे टॉपचंच ना?"

बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेली मुलं एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, करायला अमेरिकेला निघाली की हा प्रश्न येतोच. मागच्या महिन्यात साताऱ्याच्या एका डेंटिस्ट मुलीचे वडील माहितीपत्रक घेऊन आले होते. 'अ‍ॅक्रेडिटेड' या शब्दाखाली त्यांनी पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. कर्जाचे कागद बँकेत गेलेले. "एवढं बघितलं म्हणजे झालं ना?"

नाही झालं, काका. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता एकदा नीट लिहूनच काढते.

घोळ कुठे होतो ते मला कळतं. आपल्याला सवय नॅकची, म्हणजे आपल्याकडच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या परिषदेची. १९९४ मध्ये स्थापन झालेली नॅक अख्ख्या संस्थेला श्रेणी देत आली आणि 'ए प्लस प्लस'चा फलक कॉलेजच्या फाटकावर झळकायला लागला. त्यामुळे मान्यता म्हटलं की आपल्याला गुणपत्रिकाच दिसते. (खुद्द नॅकनेही २०२४ मध्ये श्रेण्या सोडून 'मान्य किंवा अमान्य' अशा पद्धतीकडे जाण्याची घोषणा केली आहे.) सीईपीएच, म्हणजे कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ, श्रेणी देतच नाही. तिच्या यादीत जॉन्स हॉपकिन्स आहे, हार्वर्ड आहे, आणि तुम्ही कधी नावही ऐकलं नसेल अशी छोटी सरकारी विद्यापीठंही आहेत. यादीतलं सगळ्यांचं स्थान एकच: मान्यताप्राप्त.

मग शाळांचे पहिला-दुसरा असे नंबर येतात कुठून? बहुतेक वेळा यूएस न्यूजच्या क्रमवारीतून. सार्वजनिक आरोग्याच्या शाळांची ती क्रमवारी सहकाऱ्यांच्या मतांवर ठरते. मान्यताप्राप्त शाळांचे डीन आणि प्राध्यापक इतर शाळांना १ ते ५ असे गुण देतात, त्याची सरासरी निघते. कुणी अभ्यासक्रम उघडून बघत नाही, वर्गात जात नाही, विद्यार्थ्याशी बोलत नाही. नावलौकिक कळायला ती क्रमवारी ठीक आहे. पण तिचे गुण सीईपीएचच्या खात्यावर घालू नका.

सीईपीएच जे करते त्याला वेळ लागतो. आपल्याकडची 'इन्स्पेक्शन' डोक्यात असेल, रंगवलेल्या भिंती आणि एका दिवसापुरते हजर झालेले शिक्षक, तर ते चित्र आधी पुसा. इथे सुरुवात शाळा स्वतः करते. निकष समोर ठेवून ती आपला स्व-अभ्यास अहवाल लिहिते, आणि प्रत्येक दाव्यामागे पुरावा जोडते. मग किमान तिघांचं पथक शाळेत येतं. त्यात दुसऱ्या शाळांचे प्राध्यापक असतात आणि प्रत्यक्ष आरोग्यसेवेत काम करणारी व्यक्तीही असते. ते विद्यार्थ्यांना, माजी विद्यार्थ्यांना आणि शाळा ज्यांच्याबरोबर काम करते त्या स्थानिक संस्थांच्या लोकांना भेटतात. विद्यार्थ्याला किंवा बाहेरच्या कुणालाही सीईपीएचला थेट लिहून कळवता येतं, आणि अशी सूचना मागवली आहे हे सगळ्यांपर्यंत पोहोचवणं शाळेवर बंधनकारक असतं. पथक प्रत्येक निकषापुढे शेरा लिहितं: पूर्ण, टिप्पणीसह पूर्ण, अंशतः पूर्ण किंवा अपूर्ण. मसुद्यावर शाळेला उत्तर देता येतं. शेवटचा निर्णय पथक घेत नाही, कौन्सिल घेते.

पुरावा म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून बघा. एमपीएचच्या प्रत्येक विद्यार्थ्याला २२ मूलभूत क्षमता यायला हव्यात, असं सीईपीएच सांगते. त्यातली एक आहे लोकसमूहासाठी धोरण, कार्यक्रम किंवा उपक्रम आखण्याची. शाळेला तक्त्यात लिहावं लागतं की ही क्षमता कोणत्या विषयात, कोणत्या कामातून तपासली. तिथे 'बहुपर्यायी चाचणी, कार्यक्रम-नियोजनाच्या पायऱ्या ओळखा' असं लिहिलं तर चालत नाही. क्षमतेत 'आखणे' आहे, तर विद्यार्थ्याने आखून दाखवलं पाहिजे. पाच जणांच्या गटाने एक अहवाल दिला आणि पाचही जणांना तेच गुण मिळाले, तर पथक विचारणारच: यातल्या प्रत्येकाला ते येतं हे तुम्हाला कशावरून कळलं? असे बावीस प्रश्न, बावीस उत्तरं. शिवाय किमान ४२ सेमिस्टर क्रेडिट, आणि वर्गाबाहेरच्या कामातून निघालेली किमान दोन प्रत्यक्ष कामं. मला या पद्धतीबद्दल मनापासून आदर आहे तो यासाठी, आणि म्हणूनच तिला नुसता नंबर समजलेलं मला खुपतं.

तर मान्यता सांगते की ठरलेली किमान पातळी शाळेने गाठली आहे आणि ते बाहेरच्या जाणकारांनी तपासलं आहे. त्या पातळीच्या वर कोण किती चढलं, हे ती सांगत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

सीईपीएच सरकारी खातं आहे? नाही. १९७४ मध्ये अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशन आणि सार्वजनिक आरोग्य शाळांची संघटना यांनी मिळून उभी केलेली ती स्वतंत्र संस्था आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची तिला मान्यता आहे, एवढंच.

विद्यापीठ मान्यताप्राप्त, म्हणजे एमपीएचही आलंच? नाही. विद्यापीठाची मान्यता वेगळी, ही वेगळी. सीईपीएच कधी पूर्ण शाळेला मान्यता देते, कधी फक्त एका कार्यक्रमाला. तुमची पदवी त्यात आहे का, ते बघा.

'अर्जदार' लिहिलंय म्हणजे मिळाल्यातच जमा? अर्ज म्हणजे अर्ज.

एकदा मिळाली की कायमची? पहिली जास्तीत जास्त ५ वर्षांची, नंतरची जास्तीत जास्त ७ वर्षांची, आणि काढूनही घेता येते.

नोकरीची हमी? एक वर्षात किमान ८० टक्के पदवीधर नोकरीत किंवा पुढच्या शिक्षणात असावेत, असा निकष आहे. पण पगार किती, परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसाचं काय, हे तो निकष विचारत नाही.

एमपीएच केलं की तिथे दवाखाना टाकता येतो? अजिबात नाही. रुग्ण तपासण्याचा परवाना ही पूर्ण वेगळी वाट आहे.

काकांना मी एकच काम सांगितलं. शाळेला तिचा स्व-अभ्यास अहवाल आणि सीईपीएचचा अंतिम अहवाल मागितला तर द्यावा लागतो. बऱ्याच शाळा तो संकेतस्थळावरच ठेवतात. मुलीने त्या रात्री तो शोधला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. एका निकषापुढे 'अंशतः पूर्ण' होतं, आणि खाली कारण लिहिलेलं: क्षेत्रीय कामासाठी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन कोण करणार हे स्पष्ट नाही. "मॅडम, हे आता सुधारलंय का, असं त्यांना ईमेलवर विचारलं तर चालेल ना?"

"आजच विचार," मी म्हटलं. "आणि बँकेला म्हणावं, उत्तर येईपर्यंत थांबा."