पानी नसलं तं तारीख सांगा

गव्हाला पेरणीपासून २०-२२ दिवसांनी पाणी लागतं. त्या दिवसांत त्याची मुकुटमुळं फुटत असतात. तेव्हा ओल मिळाली नाही तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी ती तूट भरून निघत नाही. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या मामांच्या शेताकडचा कालवा बंद झाला. वरच्या टप्प्यात भरावाच्या पायथ्याशी पाणी झिरपत होतं, त्याची धार झाली आणि धारेतून माती येऊ लागली. पाझर स्वच्छ असेल तर लोक नजर ठेवून असतात. तो गढूळ झाला की भराव आतून पोखरला जातोय हे सगळ्यांना कळतं. त्याच रात्री वरचं गेट पाडलं.

आमचं अमडापूर घाटावरचं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. इथला बहुतेक शेतकरी विहिरीवर आणि पावसावर जगतो. मामांचं शेत मात्र मेहकरच्या अंगाला, पाटपाण्यावर. तेही कालव्याच्या शेवटाला, सगळे म्हणतात तसं 'टेलला'. अमडापुरातून भाड्याचं डिझेल इंजिन आणि काळे पाइप ट्रॅक्टरमध्ये टाकून मी तिकडे गेलो आणि कालवा सुरू होईपर्यंत बराच काळ तिथेच राहिलो.

बंद कालवा एका दिवसात कोरडा पडत नाही. तळ जिथे खचलेला असतो तिथे डोह साचून राहतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक डोहावर इंजिन बसलं होतं. कोण आधी आला, कुणाचा पाइप किती लांब, यावरून बोलाचाली झाली, पण दोन-तीन म्हाताऱ्यांनी बसून तासांची वाटणी लावून दिली. डोह आटत आले तशी मुलं मासे धरायला उतरली. मग काठावरच्या बेशरमीच्या झुडपांखालची बिळं उघडी पडली. उंदरांची, खेकड्यांची, काही इतकी रुंद की आत अख्खा हात जावा. एरवी पाण्याखाली झाकलेलं हे सगळं तेव्हा समोर होतं. बंदच्या काळात प्रत्येक गावानं आपापल्या हद्दीतला काठ चालून पाहावा असं मला तिथे फार वाटलं. कालवा वाहत असताना ही बिळं दिसत नाहीत आणि त्यांतून धार लागते तेव्हा वेळ गेलेली असते.

वरच्या टप्प्यातलं चित्र एकदम उलटं होतं. तिथे एका शेतकऱ्यानं मला त्याचं चिबडलेलं वावर दाखवलं. कालव्याला लागून असलेल्या पट्ट्यात पाय टाकला की घोटाभर आत जात होता. तिथे तूर कधीच उभी राहत नाही, सोयाबीन पिवळं पडतं. "कालवा बंद झाला तं आमाले जीव आला," तो म्हणाला, आणि लगेच खाली मान घालून, "पन टेलवाल्याईचं मरन होते." एकाच कालव्याच्या एका गळतीनं वरच्याचं शेत पाण्यात जातं आणि खालच्याचं कोरडं राहतं. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही. पैनगंगेवरच्या पेनटाकळी प्रकल्पात सुमारे ६० दशलक्ष घनमीटर पाणी साठतं, पण त्याच्या कालव्याच्या पहिल्या ११ किलोमीटरमधला पाझर हा तिथल्या शेतकऱ्यांचा जुना प्रश्न आहे. तो भाग बंदिस्त पाइपलाइनचा करा ही मागणीही त्यातूनच आली.

गळतीच्या मुळाशी आमची काळी माती आहे. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसून तिला हातभर खोल भेगा पडतात. कालवा वर्षातून कितीदा तरी भरतो आणि रिकामा होतो, म्हणजे काठाची माती तितक्या वेळा फुगते आणि आकसते. वरचं काँक्रीटचं अस्तर या ओढाताणीत तडकतं. त्या तड्यातून पाणी भेगेत शिरतं, भेग बिळाला मिळते, आणि मग धार. यावर मुंबईच्या आयआयटीत आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात मोलाचं काम केलं. फुगणारी माती आणि अस्तर यांच्यामध्ये चिकटपणा असलेल्या, पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दिला तर खालच्या मातीचा फुगारा दाबून राहतो, हे त्यांनी दाखवलं. घाटावर असा मुरूम मिळतो. प्रश्न तो निवडून, तपासून, पूर्ण जाडीनं टाकण्याचा असतो.

दुरुस्तीच्या जागी मी रोज जाऊन बसायचो. पोखरलेला भाग पोकलेननं घट्ट माती लागेपर्यंत उकरला. जुन्या भरावाच्या कडा सरळ न ठेवता पायऱ्यांसारख्या कापल्या, कारण सरळ कडेला नवी माती नुसती टेकून राहते आणि पाणी त्या सांध्यातूनच वाट काढतं. मग वीतभर जाडीचा एकेक थर. टँकरनं पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, वर पुढचा थर. मुकादम प्रत्येक थराआधी वाकून मूठभर माती उचलायचा आणि दाबून तिचा लाडू करायचा. लाडू फुटला तर माती कोरडी. तळव्याला चिखल लागला तर पाणी जास्त. लाडू धड राहिला, हात स्वच्छ राहिला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर त्याचे दोन-चारच तुकडे झाले, की रोलरवाल्याला हात करायचा. एकदा लाडू चिकटला, तर त्यानं अख्खा थर उकरून उन्हात पसरायला लावला. काम दुपारभर थांबलं. काठावर जमलेले शेतकरी कुरकुरले, कारण त्यांना दिवस मोजायचे होते. मला मात्र त्या माणसाबद्दल आदरच वाटला. घाईत भरलेला भराव पुढच्याच पाळीला बसतो आणि मग महिन्याचं काम दोन महिन्यांवर जातं.

कालवा फुटणं हे फक्त आमच्याकडचं नाही. पुण्यात २७ सप्टेंबर २०१८ला दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि पाणी वस्तीत घुसलं. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडात मिडलविचजवळचा कालवा फुटला. तो बोटींचा कालवा, त्यामुळे कित्येक बोटी अडकून पडल्या आणि मार्ग डिसेंबरात खुला झाला. तिथलं पाणी जवळपास स्थिर असतं. काठांतल्या खाचांत फळ्या टाकून दोन्हीकडून तेवढाच तुकडा कोरडा करता येतो. आमचं पाणी एका बाजूनंच येतं. मध्ये कुठेही अडवलं तरी त्याच्या खालची सगळी गावं कोरडी होतात, त्यांच्या हद्दीतला काठ कितीही मजबूत असो.

मी पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मामांनी हिशेब मांडला होता. विहिरीला पाणी होतं, पण कालवा बंद झाल्यापासून पातळी रोज उतरत होती. ती विहीरही कालव्याच्या पाझरावरच जगते. तेवढ्यात गहू आणि हरभरा दोन्ही पूर्ण वाचणार नव्हते. गव्हाला एकच पाणी द्यायचं झालं तर ते ४०-४२ व्या दिवशी द्यावं, दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ व्या दिवशी, अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. मामांना ती तोंडपाठ होती. पण एक मिळणार की दोन, हेच ठाऊक नव्हतं. हरभऱ्याचं तसंच. फुलोऱ्याआधी एक पाणी आणि घाटे भरताना एक. मधे, ऐन फुलात दिलं तर फूल गळतं. शेवटी त्यांनी अर्धा गहू सोडून दिला आणि विहिरीचं पाणी स्प्रिंकलरनं हरभऱ्याला दिलं. वीज रात्रपाळीची होती. थंडीत नोझल बदलत आम्ही दोघं पहाटेपर्यंत वावरात असायचो.

कालवा सुरू व्हायची तारीख त्या काळात तीनदा बदलली. चावडीवर जमलेल्या लोकांसमोर मामा तेव्हा एवढंच बोलले, "पानी नसलं तं नसलं. तारीख सांगा. मंग आमी पाहून घेऊ." मला हे म्हणणं शंभर टक्के पटतं. रब्बीचा हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो. त्याच सुमारास धरणातला साठा पाहून किती पाळ्या द्यायच्या ते ठरतं. कोणता भराव कच्चा आहे, तो कधी उकरायचा, हेही त्याच बैठकीत ठरवून गावात लावता येईल. तसं झालं असतं तर मामांनी गहू पेरलाच नसता. बियाणं, खत, नांगरटीचा पैसा आणि मजुरी वाचली असती. मोठी दुरुस्ती तर उन्हाळ्यातच व्हायला हवी. उभ्या पिकात उकरलेल्या कालव्याची किंमत शेतकरी भरतो आणि ती कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

पाणी सोडलं तेव्हा पहिल्या दिवशी कालवा अर्धाच भरला. नव्या भरावाला ओल हळूहळू मुरू द्यायची असते. एकदम भरला तर तो खचू शकतो. दुरुस्तीच्या जागी दिवसरात्र माणसं बसवली होती आणि दर तासाला कुणीतरी बॅटरी घेऊन पायथ्याशी उतरून पाझर स्वच्छ आहे ना, ते पाहायचं. मग शेजपाळी, म्हणजे आळीपाळीनं पाणी, सुरू झाली, नियमाप्रमाणे टेलपासून वर. मामांचा नंबर दुसऱ्या रात्री होता. आम्ही चारीचं तोंड उघडलं. उरलेल्या अर्ध्या गव्हाला तेव्हा बेचाळिसावा दिवस उलटून गेला होता, तरी मामांनी आधी त्यालाच पाणी लावलं आणि हरभऱ्याचा वाफा घाटे धरेपर्यंत बांधून ठेवला.