पाणी कापणारे रबर

मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते आहे आणि रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे. अशा वेळी तिच्या पुढच्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. टायरची टेकणारी रुंदी अठरा सेंटिमीटर, सेकंदाला कापलेले अंतर बावीस मीटर आणि पाण्याची जाडी यांचा हा साधा गुणाकार आहे. टायरच्या नक्षीचा एखादा तुकडा रस्त्याला टेकून पुन्हा उचलला जातो, त्याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. तेवढ्या वेळात पाणी हटवायचे, ओले डांबर किंवा काँक्रीट गाठायचे आणि त्याला धरायचे. हे सगळे घडते ती जागा तळहाताहून फारशी मोठी नसते. असे चार तळहात टनभर वजनाची गाडी वळवतात आणि थांबवतात.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली या घाटांतही जून ते सप्टेंबर रस्ता क्वचितच कोरडा असतो. पावसाळा आपल्याकडे पाहुणा नाही, वर्षाचा तिसरा हिस्सा आहे. तरीही टायरच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘किती किलोमीटर चालेल?’ आणि दुसरा, ‘कितीला बसेल?’ ‘पावसात किती अंतरावर थांबेल?’ हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. टायरची खरी ओळख मात्र याच तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

साचलेले पाणी

ओला रस्ता दोन प्रकारांनी दगा देतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिला प्रकार साचलेल्या पाण्याचा. वेग वाढतो तसे टायरच्या पुढे पाणी दाटते आणि त्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका क्षणी हा दाब टायरला उचलून धरण्याइतका होतो. मग टायर रस्त्यावरून नव्हे, पाण्यावरून चालतो. स्टिअरिंग एकदम हलके लागते आणि ब्रेक दाबून काही होत नाही.

या घटनेचा नीट अभ्यास झाला तो विमानांमुळे. ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमाने घसरू लागली, तेव्हा अमेरिकेतल्या नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी त्यावर काम केले. त्यांचा अहवाल १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातले सूत्र आजही शिकवले जाते: टायरमधल्या हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढा आणि त्याला ठरावीक अंकाने गुणा. दाब पीएसआयमध्ये आणि वेग किलोमीटरमध्ये घेतला तर तो अंक साधारण १६.७ येतो. ३३ पीएसआय हवा असेल तर टायर ताशी ९६ किलोमीटरच्या सुमारास पूर्ण तरंगू लागेल. हवा २५ पीएसआयवर उतरली असेल तर हाच वेग ८३ वर येतो.

हे सूत्र गुळगुळीत टायरसाठी किंवा नक्षीच्या खाचांपेक्षा पाणी खोल असेल त्या स्थितीसाठी आहे. चांगली नक्षी पाण्याला वाट देते, म्हणून तरंगण्याचा धोका पुढे ढकलला जातो. रुंद टायरच्या बाबतीत तो अलीकडेही येऊ शकतो, कारण त्याला जास्त पाणी हटवावे लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींची वेगमर्यादा १०० आहे. ती कोरड्या रस्त्याची मर्यादा आहे, हे वरचा आकडाच सांगतो. धो धो पावसात गोटा झालेल्या टायरवर ती पाळणे म्हणजेही धोकाच.

साचलेल्या पाण्यावरचे उत्तर म्हणजे टायरभोवती फिरणाऱ्या रुंद, खोल खाचा. मोटारीच्या टायरवर नक्षी काढण्याची सुरुवात जर्मनीच्या कॉन्टिनेंटल कंपनीने १९०४ साली केली. पुढे १९६९ मध्ये युनिरॉयलने खास पावसासाठीचा टायर बाजारात आणला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गुडइयरचा अ‍ॅक्वाट्रेड आला. त्याच्या मधोमध असलेली खोल चर पाहूनच तो कशासाठी बनवला आहे ते कळत असे.

पातळ थर

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. रिमझिम पाऊस, ओलसर डांबर, कुठेही डबके नाही. तरीही टायर आणि खडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो. पहिल्या पावसात त्यात रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि झिजलेले रबर मिसळते. कोकणात लाल माती मिसळते. इथे खोल खाचांचा उपयोग थोडा. हा पडदा फाडतात त्या रबराच्या ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा. त्यांची प्रत्येक कड पाणी निपटून काढते आणि मागच्या रबराला कोरडी जागा मिळते.

त्यानंतर काम असते खुद्द रबराचे. रस्ता सपाट दिसला तरी जवळून खडबडीत असतो. रबर त्या बारीक उंचवट्यांभोवती चेपते, पुन्हा फुगते आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते. या गमावण्यातूनच पकड मिळते. पण चाक फिरताना टायर चेपतो आणि त्यातही ऊर्जा जाते. ती जेवढी जास्त, तेवढे पेट्रोल जास्त. म्हणून अनेक वर्षे अशी समजूत होती की पावसात धरणारा टायर इंधन खाणार, आणि इंधन वाचवणारा टायर पावसात घसरणार.

ही कोंडी फुटली ती वाळूच्याच जातीच्या एका पदार्थाने. टायरच्या रबरात बळकटीसाठी काजळी मिसळतात, टायरचा काळा रंग तिचाच. मिशेलिनने १९९२ साली आणलेल्या टायरमध्ये काजळीच्या मोठ्या भागाऐवजी सिलिका वापरली. सिलिका रबराशी सहज एकजीव होत नाही, त्यासाठी सिलेन नावाचे रसायन दुव्यासारखे वापरावे लागते. चाक फिरताना रबर सेकंदाला फार तर काही डझन वेळा चेपते, खडीवर घसटताना मात्र हजारो वेळा. सिलिकाच्या रबरात पहिल्या, संथ हालचालीत ऊर्जा कमी जाते आणि दुसऱ्या, वेगवान हालचालीत जास्त. त्यामुळे इंधनाची बचत आणि ओली पकड या दोन्ही गोष्टी एका टायरमध्ये बसू लागल्या. ओल्या रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी टायरच्या इतिहासात इतके मोलाचे पाऊल दुसरे नाही, असे मला वाटते. आज चांगल्या मोटारीच्या टायरमध्ये सिलिका असतेच.

काय पाहून घ्यावे

भारतात ओल्या पकडीची किमान अट अलीकडची आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या जून २०२२ च्या अधिसूचनेने एआयएस-१४२ हे मानक लागू केले. नव्या रचनेच्या टायरांना ते १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच बाजारात असलेल्या रचनांना १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले. त्यात टायरच्या फिरण्यातला अडथळा, आवाज आणि ओली पकड यांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. पण ही केवळ उत्तीर्ण होण्याची रेषा आहे. तिच्या वर कोण किती आहे, हे दुकानात कळत नाही.

युरोपात ते कळते. तिथे टायरवर पावसाच्या ढगाचे चित्र असलेले लेबल असते आणि ओल्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते. मोजणी ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून होते, ८० वरून २० किलोमीटर वेगापर्यंत. ज्या कंपन्या तिकडेही विकतात त्यांच्या टायरांची श्रेणी पाहता येते. नाव तेच असले तरी इथली बनावट वेगळी असू शकते, एवढे भान ठेवून ती पाहावी. काही टायरांच्या कडेवर अमेरिकन पद्धतीची खूणही असते: ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी. ही ओल्या जागेवर सरळ रेषेत ब्रेक लावून ठरलेली श्रेणी आहे. एए सर्वांत चांगली. त्याच्या शेजारचा ‘ट्रेडवेअर’चा मोठा आकडा टायर जास्त चालेल असे सांगतो, जास्त धरेल असे नाही. या दोन्ही चाचण्या पातळ थरातल्या आहेत. साचलेल्या पाण्यासाठी खाचांची रुंदी आणि खोली स्वतःच्या डोळ्यांनीच पाहावी लागते.

पकडीतल्या फरकाचा अर्थ एका गणिताने स्पष्ट होतो. ८० च्या वेगात एक गाडी सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद या दराने वेग कमी करते, तर दुसरी ५ च्या दराने. ओल्या रस्त्यावर चांगल्या आणि झिजलेल्या टायरांत एवढा फरक सहज पडतो. पहिली गाडी ३५ मीटरवर थांबते, दुसरी ४९ मीटरवर. पहिली जिथे उभी राहिली त्या जागी दुसरीचा वेग अजून ४३ किलोमीटर असतो. तिथे माणूस उभा असेल, तर हे १४ मीटर म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. एबीएस चाक जॅम होऊ देत नाही, असलेली पकड नीट वापरते. नसलेली पकड ते कुठून आणणार?

नक्षीचे तीन प्रकार दुकानात दिसतील. बाणासारखी एकाच दिशेची नक्षी साचलेले पाणी उत्तम फेकते, मात्र ती कडेवरच्या बाणाच्या दिशेनेच बसवावी लागते. आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी नक्षी असलेला टायर आत पाणी काढतो, बाहेर वळणाला आधार देतो. रोज कोरड्या-ओल्या दोन्ही रस्त्यांवर आणि घाटात फिरणाऱ्यासाठी तो मला सगळ्यांत समतोल वाटतो. साधी सारखी नक्षी स्वस्त आणि टिकाऊ असते.

दोन हौशींबद्दल सांगितलेच पाहिजे. दिसायला छान म्हणून मूळ मापापेक्षा बरेच रुंद टायर टाकले तर कोरड्यात फायदा होईल, पण तुंबलेल्या पाण्यात तोटा. आणि मोठ्या ठोकळ्यांचे ऑल-टेरेन टायर चिखलासाठी आहेत. ओल्या डांबरावर त्यांचे कमी रबर टेकते आणि बारीक चिराही कमी असतात. शेतात किंवा कच्च्या वाटेवर जायचे नसेल, तर शहरातल्या एसयूव्हीला ते लावू नयेत.

टायर जुना होताना

नव्या टायरची खोली सात-आठ मिलिमीटर असते. कायद्याने ती १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे ती रेषा दाखवतात, आणि कडेवरच्या टीडब्ल्यूआय या खुणेवरून ते सापडतात. पण पाणी कायदा पाहत नाही. खोली तीन मिलिमीटरच्या खाली गेली की साचलेल्या पाण्यातली ताकद झपाट्याने घटते. कित्येक टायरांत बारीक चिरा तळापर्यंत नसतात, त्या आधीच नाहीशा होतात. युरोपाने २०२४ पासून मोटारींच्या नव्या प्रकारच्या टायरांना झिजलेल्या अवस्थेतही ओल्या पकडीची चाचणी लावली आहे. आपल्याकडेही ती यायला हवी.

झीज नसली तरी वय असते. कडेवरच्या चार आकडी तारखेत पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर कडक पडते आणि नक्षी शाबूत असूनही पावसात धरत नाही. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर जाणकाराला दाखवून घ्यावेत.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा. गाडी पुढून ओढते म्हणून नवे पुढे, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. पुढची चाके सटकली तर स्टिअरिंगमधून कळते आणि पाय उचलला की गाडी बहुधा सावरते. मागची सटकली तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते.

मे संपण्याआधी अर्धा तास काढा. चारही टायर आणि स्टेपनीची खोली मोजा, तारीख वाचा, थंड टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. तीन मिलिमीटरच्या खाली असलेला टायर ‘हा पावसाळा निघेल’ म्हणून ठेवू नका, आणि नवा घेताना पाच-दहा हजार किलोमीटर कमी चालणारा, पण ओल्यात जास्त धरणारा टायर निवडा. टायरचे आयुष्य वाढवण्यापेक्षा गाडीत बसलेल्यांचे आयुष्य जपणे केव्हाही स्वस्त आहे.