विंचवाची नांगी मोडणारं बेलफळ

उन्हाळा सरताना डहाणू-तलासरीच्या रानात पांढरा कुडा फुललेला असतो. फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो. लांबलचक शेंगा जोडीजोडीने लोंबतात. फुलांची भाजी होते आणि कडूजहर सालीचा काढा हगवणीवर दिला जातो. वारली पाड्यांवरच्या भगतांना आणि जाणत्या बायकांना ही साल चांगली ठाऊक आहे. आयुर्वेदातला कुटज तो हाच.

अशा झाडपाल्याकडे शास्त्रज्ञ गांभीर्याने पाहतात, त्याला कारण आहे. हगवण लावणारे शिगेला जंतू सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातल्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या यादीत असे जंतू उच्च प्राधान्य गटात आहेत. प्रतिजैविकांच्या माऱ्यात बहुतेक जंतू मरतात; जे तगतात, त्यांचीच पुढे पैदास होते.

मग जंतू न मारताच जुलाब थांबवता आले तर? मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधल्या संशोधकांनी कच्च्या बेलफळाच्या वाळवलेल्या गराचा काढा तपासला. २००९मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चक्रावणारे होते. तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही मेला नाही. पण पेशींना चिकटण्याची आणि आत शिरण्याची त्यांची ताकद घटली. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीवरच्या जीएम-१ रेणूला चिकटतं, मग पेशी पाणी आणि क्षार बाहेर टाकू लागते. काढ्याने हे चिकटणंही कमी केलं. विंचू जिवंत, पण नांगी मोडलेली! जंतूंच्या जिवावरच बेतत नसल्याने काढ्याला दाद न देणारे जंतू निपजण्याचा धोकाही कमी, असा यामागचा तर्क आहे. पेरूच्या पानांच्या काढ्याने तर शिगेला आणि कॉलऱ्याचे जंतू रोखलेही आणि विषालाही आवर घातला, असं याच संस्थेच्या २०१०च्या अभ्यासात दिसलं.

मात्र हे सारं प्रयोगशाळेतलं आहे. ई. कोलाय जंतूच्या, उष्णतेतही टिकणाऱ्या एका विषावर दोन्ही काढ्यांची मात्रा चालली नाही. शिवाय कुड्याची किती साल, कोणत्या ऋतूतली, किती उकळलेली, यावर काढ्याची ताकद बदलते. खोडाभोवतीची साल सरसकट सोलली तर कुडाच मरतो.

म्हणून पाड्यावरचं ज्ञान जपावं, तपासावं आणि त्याचं श्रेय त्या लोकांना द्यावं. पण घरात कुणाला जुलाब लागले तर आधी ओआरएस पाजा. शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडलं, तर काढा उकळत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आणि उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या मनानेच घेऊ नका.